हलक्या रिव्हॉल्व्हरची मूठ : वजन, धक्का आणि मानवी हात यांच्या परस्परसंबंधाचा ऐतिहासिक अभ्यास (१८४७ ते २०२३)

प्रस्तावना

शस्त्रांचा इतिहास बहुधा युद्धांच्या, राजवटींच्या आणि संशोधकांच्या अंगाने लिहिला गेला आहे. शस्त्राची नळी किती लांब, गोळीचा मारा किती दूर, एका दमात किती गोळ्या सुटतात, या प्रश्नांना त्यात मध्यवर्ती स्थान मिळाले. परंतु शस्त्र ज्या हाताने धरले जाते त्या हाताचा विचार त्या मानाने उपेक्षित राहिला. तलवारीच्या बाबतीत मुठीचे महत्त्व महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मराठा धोपेची मूठ आणि दांडपट्ट्याची मूठ यांतील भेद हा दोन वेगळ्या युद्धपद्धतींचा भेद होय. अग्निशस्त्रांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे अंगावर बाळगावयाचे हलके रिव्हॉल्व्हर.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील शस्त्रनिर्मात्यांनी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा आणि शतकाच्या अखेरीस टायटॅनियमचा वापर करून रिव्हॉल्व्हरचे वजन जवळजवळ निम्म्यावर आणले. बाळगणाऱ्याचा भार हलका झाला. तथापि तो भार नाहीसा झाला नाही. कंबरेवरचा भार हातावर आला. हे स्थलांतर कसे घडले, त्यास तोंड देण्यासाठी मुठीच्या रचनेत कोणते बदल झाले आणि या इतिहासाच्या प्रकाशात भारतातील हलक्या रिव्हॉल्व्हरच्या प्रयोगाकडे कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. खोगिरापासून खिशापर्यंत

१८४७ साली सॅम्युएल कोल्ट याने अमेरिकी घोडदळासाठी तयार केलेले ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर सुमारे दोन किलो वजनाचे होते. ते माणसाच्या कंबरेला नव्हे, तर घोड्याच्या खोगिराला अडकवावयाचे शस्त्र होते. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८५७ मध्ये, स्मिथ अँड वेसन या कंपनीचे पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आले. ते .२२ व्यासाची सात काडतुसे घेणारे, कोटाच्या खिशात मावणारे होते. खोगीर आणि खिसा या दोन टोकांमध्येच पुढील दीडशे वर्षांचा इतिहास हेलकावत राहिला.

१८८७ मध्ये स्मिथ अँड वेसनने घोडा पूर्णपणे आत दडवलेले ‘सेफ्टी हॅमरलेस’ हे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. त्याच्या मुठीच्या मागील बाजूस एक दाबपट्टी होती. मूठ घट्ट आवळल्याखेरीज चाप ओढला जात नसे. घोडा आत असल्याने शस्त्र खिशातून काढताना ते कापडात अडकत नसे. येथे मूठ ही केवळ धरण्याची जागा न राहता सुरक्षायंत्रणेचा भाग बनली, ही बाब उल्लेखनीय आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कोल्ट कंपनीत काम करणाऱ्या जॉन हेन्री फिट्झगेराल्ड याने मोठ्या रिव्हॉल्व्हरांची नळी आखूड करून, घोड्याचे टोक काढून, मुठीचे कोपरे घासून आणि चापाभोवतीच्या कडीचा पुढचा भाग कापून काही शस्त्रे तयार केली. ती ‘फिट्झ स्पेशल’ या नावाने ओळखली जातात. कापलेली कडी धोक्याची असल्याने ती पद्धत रूढ झाली नाही. मात्र आखूड नळी आणि गोलसर मूठ ही कल्पना टिकली. १९२७ साली कोल्टने ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ हे दोन इंची नळीचे, .३८ स्पेशल जातीची सहा काडतुसे घेणारे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. साध्या वेषातील पोलिसाचे शस्त्र म्हणून त्याने दीर्घकाळ मान्यता मिळवली.

ब्रिटिश सैन्याने याच काळात निराळा मार्ग पत्करला. पहिल्या महायुद्धात वापरलेले .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हर एक किलोहून अधिक वजनाचे होते आणि अल्पकाळात शिकवून तयार केलेल्या सैनिकांना ते आवरणे कठीण जाई. म्हणून १९३२ मध्ये .३८ व्यासाचे एन्फिल्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारण्यात आले. त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास होते. येथे शस्त्राबरोबर काडतूसही सौम्य करण्यात आले, आणि १९३८ च्या सुधारित नमुन्यात मुठीच्या फळ्यांना अंगठ्यासाठी खोलगट जागा देण्यात आली. वजन, काडतूस आणि मूठ या तिन्ही गोष्टी एकत्र विचारात घेतल्याचे हे उदाहरण पुढील विवेचनात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२. ॲल्युमिनियमचे पर्व आणि ‘एअरक्रूमन’चा धडा

१९५० हे वर्ष या इतिहासातील संक्रमणाचे वर्ष होय. त्या वर्षी अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत स्मिथ अँड वेसनने पाच काडतुसांचे एक लहान रिव्हॉल्व्हर मांडले. उपस्थितांच्या पसंतीने त्याचे नाव ‘चीफ्स स्पेशल’ असे ठरले. ते पोलादी असून त्याचे वजन सुमारे ५५० ग्रॅम होते. त्याच सुमारास कोल्टने डिटेक्टिव्ह स्पेशलची ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची आवृत्ती ‘कोब्रा’ या नावाने बाजारात आणली. १९५२ मध्ये चीफ्स स्पेशलचीही ‘एअरवेट’ ही ॲल्युमिनियमची आवृत्ती निघाली. पुढील काळातील पोलादी सिलिंडरच्या एअरवेटचे वजन सुमारे ४२५ ग्रॅम भरत असे.

या स्पर्धेस अमेरिकी हवाई दलाच्या मागणीने वेग आला होता. विमान पडल्यास वैमानिकाजवळ काहीतरी शस्त्र असावे, पण त्याचा भार जाणवू नये, अशी त्या दलाची अपेक्षा होती. त्यातून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन्ही कंपन्यांनी ‘एअरक्रूमन’ नावाची रिव्हॉल्व्हरे तयार केली. त्यांत सांगाड्याबरोबर काडतुसे ठेवण्याचा फिरता सिलिंडरही ॲल्युमिनियमचाच होता. कोल्टच्या नमुन्याचे वजन सुमारे ३१० ग्रॅम इतके अल्प होते. परंतु काडतूस फुटताना निर्माण होणारा दाब ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला पेलवेना. त्यास तडे जाऊ लागले. हवाई दलाने कमी दाबाचे विशेष काडतूस काढून पाहिले. तथापि साधे काडतूस चुकून भरले जाण्याचा धोका उरलाच. दशक संपण्याच्या सुमारास ही शस्त्रे सेवेतून काढून बहुतांशी नष्ट करण्यात आली. नागरी बाजारातील एअरवेटलाही प्रारंभी ॲल्युमिनियमचा सिलिंडर होता. तो लवकरच पोलादी करण्यात आला.

एअरक्रूमनच्या अपयशातून धातूची मर्यादा स्पष्ट झाली. हाताची मर्यादा मात्र तितक्या ठळकपणे नोंदली गेली नाही, कारण हाताला पडलेला ताण तड्यासारखा डोळ्यांना दिसत नाही. नेम चुकतो, बोट सुजते, सराव टळतो. आणि दोष शस्त्राचा न मानता धरणाऱ्याचा मानला जातो.

३. धक्क्याचे गणित

हलक्या शस्त्राचा धक्का अधिक का, हे संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमाने स्पष्ट होते. १० ग्रॅम वजनाची गोळी सेकंदास २३० मीटर वेगाने सुटते असे गृहीत धरले आणि बारूदवायूंचा वाटा बाजूस ठेवला, तर ५५० ग्रॅमचे पोलादी रिव्हॉल्व्हर सेकंदास सुमारे ४.२ मीटर वेगाने मागे येते आणि त्याची ऊर्जा सुमारे ४.८ ज्यूल असते. ४२५ ग्रॅमच्या शस्त्रात हीच ऊर्जा ६.२ ज्यूल, तर ३४० ग्रॅमच्या शस्त्रात ७.८ ज्यूल होते. गोळी तीच, तिचा परिणाम तोच. पण शस्त्राचे वजन ज्या प्रमाणात घटते त्याच प्रमाणात हातावर येणारी ऊर्जा वाढते.

दुसरे गणित चापाचे आहे. ‘डबल ॲक्शन’ पद्धतीत चाप ओढण्याच्या एकाच क्रियेने सिलिंडर फिरतो, घोडा मागे जातो आणि सुटतो. त्यासाठी लहान रिव्हॉल्व्हरमध्ये साधारणपणे पाच किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. म्हणजे पोलादी शस्त्रात हा जोर शस्त्राच्या वजनाच्या नऊपट, ॲल्युमिनियमच्या शस्त्रात सुमारे बारापट आणि टायटॅनियमच्या शस्त्रात सुमारे पंधरापट होतो. जड शस्त्र स्वतःच्या वजनाने काहीसे स्थिर राहते. हलके शस्त्र बोटाच्या ओढीबरोबर हलते. त्याला स्थिर ठेवण्याचे सर्व काम मुठीवर येऊन पडते. हलक्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत धक्क्याची चर्चा अधिक होते. वस्तुतः गोळी सुटण्यापूर्वीच बिघडणारा नेम हा त्याहून गंभीर प्रश्न आहे.

तिसरी बाब शरीराच्या स्वभावाची. ज्या वस्तूने एकदा हाताला मार बसला, ती पुन्हा वापरताना शरीर आधीच दचकते. चाप ओढता ओढता मनगट खाली झुकते आणि गोळी नेमाच्या खाली जाते. यावर रिकाम्या शस्त्राने चाप ओढण्याचा दीर्घ सराव, सौम्य काडतुसांपासून आरंभ आणि त्याच आकाराच्या .२२ रिव्हॉल्व्हरवर हात बसवणे हे उपाय प्रशिक्षणात रूढ झाले. या सर्व उपायांचा अर्थ एकच : हलके शस्त्र विकत घेता येते, पण त्याची सवय विकत मिळत नाही.

४. मुठीच्या सुधारणेचे टप्पे

जुन्या लहान रिव्हॉल्व्हरांच्या मुठीत एक मूलभूत दोष होता. चापाची कडी आणि मुठीचा पुढचा भाग यांच्यामध्ये पोकळी राही. मधले बोट त्या पोकळीत वर सरके आणि धक्क्यासरशी कडीचा पोलादी काठ बोटाच्या पेरावर आदळे. शिवाय मूठ आखूड असल्याने करंगळीला आधारच नसे. लाकडी फळ्या सांगाड्याच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या असत. मुठीची पाठ उघडी राहून पोलादाची कड थेट तळव्यात रुते.

या दोषांवरील पहिला उपाय वॉल्टर रोपर याच्यासारख्या मुठी घडवणाऱ्या कारागिरांनी शोधला. १९३० च्या दशकात नेमबाजीच्या स्पर्धकांसाठी त्यांनी कडीमागील पोकळी भरून काढणाऱ्या लाकडी मुठी बनवल्या. सामान्य वापरासाठी त्याहून स्वस्त उपाय पुढे आला. मूळ फळ्यांच्या खाली पकडून बसणारा, पोकळी भरणारा एक लहानसा तुकडा. ओक्लाहोमा येथील टायलर यांचा धातूचा ‘टी-ग्रिप’ आणि लॉस एंजेलिस येथील पॅकमायर यांचा रबरी जोडतुकडा हे त्याचे प्रसिद्ध नमुने होत. मुठीचा आकार फारसा न वाढवता बोट योग्य जागी आणण्याचे काम हा तुकडा करतो. कमीत कमी बदलातून अधिकाधिक लाभ मिळवण्याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसरा टप्पा रबराचा. पॅकमायरच्या रबरी मुठी १९७० च्या दशकापासून लोकप्रिय झाल्या. मुठीची पाठ झाकणारे रबर तळव्याचे रक्षण करते. परंतु त्यातून दोन नव्या अडचणी उद्भवल्या. पाठ झाकल्याने तळवा आणि चाप यांतील अंतर वाढते आणि लहान हाताचे बोट चापापर्यंत नीट पोचत नाही. तसेच चिकट रबर कपड्याला धरून ठेवते, त्यामुळे खिशातून शस्त्र सहज निघत नाही आणि वरचे वस्त्र त्यावर अडकून शस्त्राचा आकार उघड होतो. यावर तोड म्हणून क्रेग स्पेगल याने ‘बूट ग्रिप’ म्हणून ओळखली जाणारी रचना घडवली. तिचा तळ सांगाड्याच्या तळाशी संपतो, पाठ उघडी राहते, पण कडीमागील पोकळी भरलेली असते. तिच्या अनुकरणाने पुढे स्वस्त साच्यातील मुठी मोठ्या प्रमाणावर निघाल्या.

तिसरा टप्पा सांगाड्याच्या रचनेचा आहे. १९५२ मध्ये स्मिथ अँड वेसनने कंपनीच्या शतकपूर्तीनिमित्त ‘सेंटेनियल’ हे घोडा आत दडवलेले रिव्हॉल्व्हर काढले. घोडा बाहेर नसल्याने सांगाड्याची पाठ उंच राहते आणि हात अधिक वर धरता येतो. हात जितका वर, तितका तो नळीच्या रेषेच्या जवळ आणि शस्त्राची उसळी तितकी कमी. हे रिव्हॉल्व्हर १९७४ मध्ये बंद झाले. १९९० मध्ये मुठीवरील दाबपट्टी वगळून ते पुन्हा सुरू झाले, आणि त्यानंतर त्याच्या हलक्या आवृत्त्यांना मोठी मागणी आली. रचनेचा लाभ ओळखण्यास बाजाराला सुमारे चार दशके लागली, असे यावरून दिसते.

चौथा टप्पा २००९ मधील रुगर कंपनीच्या ‘एलसीआर’ रिव्हॉल्व्हरचा. त्यात चापयंत्रणेचे घर पॉलिमरचे असून मुठीच्या जागी केवळ एक अरुंद खुंटी आहे. मुठीच्या पाठीशी धातूची पट्टीच नसल्याने मऊ रबराला पुरेशी जाडी देता आली, आणि तरीही तळवा व चाप यांतील अंतर वाढले नाही. पूर्वी सांगाडा आधी ठरे आणि मूठ मागाहून त्यावर बसवली जाई. येथे मुठीचा विचार सांगाड्याच्या रचनेतच सामावला गेला.

५. टायटॅनियम, स्कँडियम आणि परतीची वाट

१९९९ मध्ये स्मिथ अँड वेसनने टायटॅनियमच्या सिलिंडरची रिव्हॉल्व्हरे विक्रीस आणली. एअरक्रूमनला जे साधले नव्हते ते या धातूने साधले. २००१ मध्ये स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा सांगाडा आला. सोव्हिएत विमानउद्योगात अशा मिश्रधातूंचा वापर झाला होता. या सांगाड्यामुळे सुमारे ३४० ग्रॅमच्या शस्त्रातून .३५७ मॅग्नम हे प्रबळ काडतूस उडवणे शक्य झाले. ८ ग्रॅमची गोळी सेकंदास ३७० मीटर वेगाने सुटते असे धरल्यास, बारूदवायूंचा वाटा वगळूनही, धक्क्याची ऊर्जा सुमारे १३ ज्यूल होते. अशा शस्त्रांत धक्क्यासरशी सिलिंडरमधील उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या कवचातून पुढे सरकून सिलिंडर अडू शकतो. म्हणून आवरण नसलेल्या शिशाच्या गोळ्या वापरू नयेत, अशी सूचना निर्मात्यांनाच द्यावी लागली. धातूने हार मानली नाही. हार मानण्याची पाळी प्रथम काडतुसावर आणि मग हातावर आली.

अमेरिकेत १९८० च्या दशकापासून पोलीस दलांनी अर्धस्वयंचलित पिस्तुले स्वीकारली. लहान रिव्हॉल्व्हर मुख्य शस्त्र न राहता जोडशस्त्र बनले. त्याच वेळी १९८७ मधील फ्लोरिडाच्या कायद्यासारख्या कायद्यांनी नागरिकांना लपवून शस्त्र बाळगण्याचे परवाने सुलभ झाले. परिणामी प्रशिक्षित पोलिसाच्या हातातील शस्त्र क्वचितच सराव करणाऱ्या नागरिकाच्या खिशात गेले. हलकेपणाचे आकर्षण ज्यांना सर्वाधिक, त्यांचाच सराव सर्वांत कमी, हा अंतर्विरोध येथे निर्माण झाला. २०१७ मध्ये कोल्टने ‘कोब्रा’ हे नाव पुन्हा बाजारात आणले, तेव्हा ते रिव्हॉल्व्हर ॲल्युमिनियमचे नव्हते. ते संपूर्ण पोलादी आणि सुमारे ७०० ग्रॅमचे होते. एके काळी हलकेपणाचे प्रतीक असलेले नाव वजनाकडे परतले, ही घटना पुरेशी सूचक आहे.

६. भारतीय संदर्भ : ‘निर्भीक’ ते ‘प्रबल’

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये नागरिकास परवान्याखेरीज अग्निशस्त्र बाळगता येत नाही, आणि सेनादले व पोलिसांच्या वापरातील .३८ व्यासाचे रिव्हॉल्व्हर सामान्य परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे नागरी रिव्हॉल्व्हर म्हणजे .३२, असे समीकरण येथे रूढ झाले. कानपूर येथील सरकारी कारखान्यांनी वेब्ली धर्तीच्या .३२ रिव्हॉल्व्हरचे उत्पादन केले. त्याच परंपरेत जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून जाहीर केले. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचाराची पार्श्वभूमी त्यास होती आणि नावातही त्या स्मृतीचा पडसाद होता. त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. शस्त्रनियंत्रणासाठी कार्य करणाऱ्या मणिपूरच्या बिनालक्ष्मी नेप्रम यांनी या कल्पनेवर कठोर टीका केली.

या वादात किंमत, परवाना आणि राज्यसंस्थेची जबाबदारी या मुद्द्यांची चर्चा झाली, ती योग्यच होती. परंतु ‘हलके म्हणजे स्त्रीच्या हाताला सोयीचे’ हे गृहीतक फारसे तपासले गेले नाही. .३२ ची सुमारे ६.३५ ग्रॅमची गोळी सेकंदास २१० मीटर वेगाने सुटते असे धरल्यास ५०० ग्रॅमच्या शस्त्राच्या धक्क्याची ऊर्जा दोन ज्यूलांहून कमी भरते. म्हणजे धक्का हा येथे प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो चापाचा, मुठीचा आणि सरावाचा. वजन कमी केल्याने चाप हलका होत नाही. उलट त्याच्या ओढीला शस्त्र अधिक बळी पडते. हात लहान असेल तर मूठ आणि चाप यांतील अंतर हाच निर्णायक घटक ठरतो. वजन हा त्यामानाने गौण घटक होय. आणि सरावासाठी काडतुसे, जागा व प्रशिक्षक यांची उपलब्धता जेथे मर्यादित, तेथे पर्समध्ये राहणारे शस्त्र संकटसमयी हाताला परकेच राहते.

ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ हे .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचा सिलिंडर बाजूस उघडतो, नळी ७६ मिलीमीटर लांब आहे आणि वजन सुमारे ६७५ ग्रॅम आहे. निर्भीकपेक्षा ते जड आहे. कोल्टच्या कोब्राप्रमाणेच येथेही उत्तरकाळातील शस्त्र वजनाकडे झुकलेले दिसते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, रिव्हॉल्व्हरचे वजन घटवण्याचा इतिहास हा धातूंच्या प्रगतीचा इतिहास असला, तरी त्याची मर्यादा अखेरीस मानवी हाताने ठरवली.

दुसरा, वजन घटल्याने बाळगण्याचा त्रास कमी होतो आणि वापरण्याचा त्रास वाढतो. या दोहोंतील तोल साधण्याचे काम मुठीने केले. कडीमागील पोकळी भरणे, हात उंच बसवणे, तळव्याचे रक्षण करणे आणि बोट चापापर्यंत नीट पोचवणे या चार गरजा सर्व सुधारणांच्या मुळाशी आहेत. त्यांपैकी एक पुरवताना दुसरीचा बळी जातो, म्हणूनच सर्वांच्या हाताला साजेशी एकच मूठ आजवर निर्माण होऊ शकली नाही.

तिसरा, १९३२ च्या एन्फिल्डमध्ये वजन, काडतूस आणि मूठ यांचा एकत्रित विचार होता. एअरक्रूमनमध्ये केवळ वजनाचा होता. पहिले दीर्घकाळ सेवेत राहिले, दुसरे दशकभरात नष्ट करावे लागले.

चौथा, शस्त्र हलके करून दुर्बलास सबल करता येईल ही कल्पना इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. हलके शस्त्र अधिक कसलेला हात मागते. ज्या समाजात तो हात घडवण्याची सोय नाही, तेथे सुरक्षिततेचा भार व्यक्तीच्या पर्समध्ये ठेवणे म्हणजे तो योग्य जागेवरून काढून अयोग्य जागी ठेवणे होय. कंबरेवरचा भार जसा हातावर गेला, तसाच राज्यसंस्थेचा भार नागरिकाच्या हातावर जाऊ नये, हा या लहानशा वस्तूच्या इतिहासाचा मोठा बोध आहे.